पद्मिनीत नवं इंजिन टाकायचंय? मग रंगाच्या आधी इंजिन बसवून बघा

बाबांची प्रीमियर पद्मिनी १९७९ ची. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत ताडपत्रीखाली नऊ पावसाळे काढलेली. ती पुन्हा उभी करायची, आणि त्यात आजच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून चालेल असं इंजिन टाकायचं, हे दोन्ही एकदमच डोक्यात आलं आणि पहिली चूकही तिथेच झाली. मी धरून चाललो की आधी गाडी रिस्टोअर करू, छान रंग देऊ, मग निवांतपणे इंजिनाचं बघू. दोन कोट प्रायमर, तीन कोट रंग, बॉनेटच्या आतून आरशासारखी चमकणारी गाडी, आणि मग इंजिन चेन ब्लॉकवर टांगून खाली सोडलं तर गियरबॉक्सचा खांदा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बेचक्यात अडकला. त्या दिवशी नव्या रंगावर हातोडी चालवावी लागली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. रिस्टोरेशन आणि स्वॅप (म्हणजे इंजिन बदलणं) ही दोन कामं नाहीतच, एकच काम आहे, आणि त्याचा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

उदाहरणं पद्मिनीची आहेत कारण माझ्या हाताखालून तीच गेलीय, पण ॲम्बेसेडर, कॉन्टेसा, जुनी जीप, कशालाही क्रम हाच.

सगळ्यात आधी कागद

हे कंटाळवाणं वाटेल पण स्पॅनर हातात घ्यायच्या आधी हेच करा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने मुळात जे दिलंय त्यापेक्षा वेगळं ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच अगदी स्पष्ट केलं. त्याच जातीचं, त्याच स्पेसिफिकेशनचं इंजिन बदललं तर आरसीवर नंबर बदलून घेणं हा एक विषय, आणि १०८९ सीसीच्या जागी दुसऱ्याच कंपनीचं १२९८ सीसीचं इंजिन टाकणं हा पूर्ण वेगळा विषय. दुसऱ्यासाठी आधी आरटीओत अर्ज करा, लेखी उत्तर घ्या, मगच इंजिन विकत घ्या. गॅरेजमध्ये सगळेच म्हणतात 'काय होत नाय, कोण बघतंय', पण अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने इंजिन नंबर ताडून बघितला की तेव्हा कोणी बरोबर नसतं. माझा अर्ज गेलेला आहे आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत गाडी फक्त गॅरेजच्या कंपाउंडमध्येच फिरते, रस्त्यावर नाही.

लेखी नकार आला तर तीन सरळ वाटा उरतात. मूळ इंजिनच नीट बनवून घेणं (आणि मनापासून सांगतो, नीट रीबोअर केलेलं, चांगला कार्बोरेटर लावलेलं फियाटचं इंजिन, पद्मिनी म्हणजे मुळात फियाटच, अजूनही फार गोड चालतं). दुसरी, मान्यताप्राप्त सीएनजी किट. तिसरी, मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट, कारण कलम ५२ मध्येच बॅटरी, सीएनजी, एलपीजीवर गाडी नेण्यासाठी वेगळी सोय ठेवलेली आहे, फक्त किट टेस्टिंग एजन्सीने पास केलेलं आणि अधिकृत माणसाने बसवलेलं पाहिजे.

आता कागदातली दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. जुलै २०२१ पासून केंद्राच्या नियमांत व्हिंटेज गाड्यांचं वेगळं रजिस्ट्रेशन आलंय. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी शेल, इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' वाली नंबर सिरीज, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पण रोजच्या वापराला बंदी. माझी गाडी २०२९ ला पन्नाशी गाठणार. आज मी बॉडी कापून इंजिन बसवलं तर ती वाट कायमची बंद. म्हणून मी पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की बॉडीला गॅस कटिंगचा टॉर्च लावायचा नाही, जे काही बसेल ते नटबोल्टवर बसेल, आणि मूळ इंजिन जपून ठेवायचं. तुमची गाडी १९७५-७६ ची असेल तर खरंच दोनदा विचार करा, कारण तिला व्हिंटेज म्हणून मान मिळायची वेळ आलेलीच आहे.

आरसीची मुदतही तपासा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल आणि पर्यावरण कर असतो. गाडी आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर असेल तर आधी नाव ट्रान्सफर. हे राहिलं तर पुढचं काहीच हलत नाही.

गाडी उघडण्याआधी तिला वाचा

मुंबईची गाडी म्हणजे खारी हवा आणि चार महिने ओल. वरून रंग तुकतुकीत असला तरी खरी गाडी खालून असते. एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्या. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत, ठसठस आला तर आत काही उरलेलं नाही. पद्मिनीत बघायच्या जागा म्हणजे रबर मॅटच्या खालचा फ्लोअर, दरवाजाखालचे दोन्ही बॉक्स, दरवाजाच्या बिजागरीच्या खांबाचं तळ, काचेखालची हवेची जाळी जिथे पिंपळाची पानं कुजून बसतात, हेडलाइटच्या मागची वाटी, आणि मागचे कमानपाटे जिथे बॉडीला धरतात ती जागा. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे पत्रा गेला असेल तर नव्या इंजिनाचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण जास्त ताकद आली की एक्सलचा सगळा जोर तिथेच येतो.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, व्हीलबेस २३४० मिलिमीटर. त्यामुळे खालचे बॉक्स कापून काढले की गाडी मधोमध वाकू शकते. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरके टॅक करून घ्या, गाडी सस्पेन्शनच्या जागांवर घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, दरवाजे बंद करून फटी मोजून लिहा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. एक बाजू पूर्ण वेल्ड झाली, फट पुन्हा मोजली, जुळली, मग दुसरी. फ्लोअरला १८ गेजचा सीआर (जस्त न चढवलेला) पत्रा. जीपी (जस्त चढवलेला) पत्रा काही डेंटर स्वस्तात लावतात, त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून धूर होतो आणि टाकाही चांगला धरत नाही. गॅस वेल्डिंगने मोठा पत्रा वळतो, सीओटू वेल्डिंगवाला शोधा आणि त्याला एका ओळीत न मारता जागा बदलत टॅक मारायला लावा. आणि हो, इथे मी 'टॉर्च लावायचा नाही' म्हणालो ते इंजिनासाठी, सडलेला पत्रा काढून त्याच आकाराचा नवीन बसवणं हे रिस्टोरेशनच आहे.

उघडताना फोटो काढा, प्रत्येक नटबोल्टची वेगळी पिशवी, पिशवीवर मार्करने 'उजवा पुढचा दरवाजा, बिजागरी वरची' असं पूर्ण लिहा. आज वाटतं लक्षात राहील, आठ महिन्यांनी काही लक्षात राहत नाही. क्रोमच्या पट्ट्या, जाळी, हबकॅप, आतले नॉब असं काहीही भंगारात देऊ नका. २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २० वर्षं भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, तेव्हापासून टॅक्सीच्या निमित्ताने मिळणारे पार्टही आटत चाललेत. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनत होती तिथे आता कंपनीच्या जागी टोलेजंग कॉम्प्लेक्स उभं आहे, पण त्या भागात टॅक्सीवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांना शोधा, त्यांचा वेळ मागा.

कुठलं इंजिन

पद्मिनीचं इंजिन उभं बसतं, ताकद मागच्या चाकांना जाते. म्हणजे स्विफ्ट, आय टेन वगैरेची आडवी इंजिनं घेऊन उपयोग नाही, त्यांचा गियरबॉक्स पुढच्या चाकांसाठी आहे. मागचं चाक फिरवणारं, उभं बसणारं, पेट्रोल आणि बाजारात पार्ट मिळणारं, इतकं धरलं की यादी छोटी होते.

एक, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानचं ए१२, ११७१ सीसी. हे सगळ्यात नातेवाइकासारखं बसतं, कार्बोरेटरवर आहे म्हणून वायरिंगचं डोकं नाही, पण आता चांगल्या स्थितीतलं मिळणं अवघड आणि 'मॉडर्न' म्हणावं असं ते नाही. दोन, मारुती ईकोचं जी१२बी, ११९६ सीसी, साधारण ७३ हॉर्सपॉवर, इंजेक्शनवालं. ईकोत हे इंजिन २०२२ पर्यंत येत होतं, त्यामुळे पार्टचा प्रश्न नाही. पण ते इंजिन सीटखाली बसण्यासाठी तिरकं ठेवलेलं आहे, त्यामुळे सम्प (खालचा ऑइलचा डबा) आणि मॅनिफोल्ड (हवेच्या आणि धुराच्या नळ्या) यांचा आकार पद्मिनीच्या खोलीत बसवताना फार मोजावं लागतं. तीन, जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनवालं), जी१३बीबी, १२९८ सीसी, ८० हॉर्सपॉवर, ॲल्युमिनियम ब्लॉक म्हणून हलकं, पाच गियर. मी हेच निवडलं. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद चारही चाकांना वाटणारी पेटी) गियरबॉक्सपासून वेगळी, मध्ये एक छोटी शाफ्ट आहे, त्यामुळे ती केस काढून टाकून गियरबॉक्समधून थेट मागच्या एक्सलकडे प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारा लांब फिरता दांडा) नेता येते. फक्त एक लक्षात ठेवा की जिप्सीची स्पीडोमीटर केबल त्या ट्रान्सफर केसमधून निघते, ती गेली की स्पीडोला वेगळी सोय करावी लागते. मी प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर सेन्सर लावला.

याच्यापेक्षा मोठं इंजिन टाकायचा मोह आवरा. मूळ गाडी साधारण ४० हॉर्सपॉवरसाठी बनलेली, चारही चाकांना ड्रम. ८० म्हणजेच दुप्पट झालं.

विकत घेताना बिल, ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचा नंबर, आणि ती गाडी रीतसर स्क्रॅप होऊन आरसी रद्द झाल्याचा कागद, हे तिन्ही हातात पाहिजेत. नंबर घासलेला, पुन्हा पंच केलेला वाटला तर कितीही स्वस्त असो, निघून या. नुसतं इंजिन कधी घेऊ नका. गियरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, पूर्ण वायरिंग हार्नेस, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचा डबा, ॲक्सिलरेटर केबल, पुढच्या-मागच्या ऑक्सिजन सेन्सरसकट एक्झॉस्टचा तुकडा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचे रबर माउंटिंग, हा सगळा सेट एकाच गाडीतला घ्या. इमोबिलायझर असलेलं इंजिन असेल तर चावी आणि त्याचं मॉड्यूलही, नाहीतर ईसीएम चावीला ओळखणारच नाही. एकेक वायर नंतर कालिन्याच्या सीएसटी रोडवर शोधत फिरण्यात जो वेळ जातो तो मी घालवलाय.

कॉम्प्रेशन टेस्ट करा, चारही सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असावा. बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच प्लेट बदलून टाका. आत बसल्यावर हीच कामं तिप्पट जड.

ड्राय फिट, म्हणजे या लेखाचं मर्म

पत्र्याचं काम झालं, गाडी अजून नागडी आहे, रंग नाही. आता इंजिन बसवून बघायचं. भांडुपचे आमचे मिस्त्री काका, पंचेचाळीस वर्षं फियाटमध्ये हात घालतायत, ते मला त्या हातोडीच्या दिवशी म्हणाले होते, "अरे बाळा, लग्नाची साडी नेसून कोण चूल सारवतं? आधी इंजिन बसव, मग रंगव." दुसऱ्यांदा मी त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाही.

शक्यतो भंगारातून मिळालेला रिकामा ब्लॉक, हेड आणि गियरबॉक्सची रिकामी केस जोडून तेच वापरा, दोन माणसांना उचलता येतं आणि दिवसातून वीस वेळा वर-खाली करता येतं. गाडी घोडीवर घेताना घोडी एक्सल आणि खालच्या आर्मखाली लावा, बॉडीखाली नको, कारण बॉडीवर उचलली की एक्सल लोंबकळतो आणि सगळे कोन खोटे येतात. इंजिनाइतकं आणि माणसांइतकं वजन म्हणून आम्ही रेतीच्या गोण्या ठेवल्या.

मग या क्रमाने बघा. सम्प पुढच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) आणि स्टिअरिंगच्या लिंकवर आपटतोय का, चाकं दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सच्या किती जवळ येतो, जवळ येत असेल तर मध्ये पत्र्याची ढाल. फायरवॉलपासून मागे निदान २० ते २५ मिलिमीटर मोकळे, कारण ॲक्सिलरेटर दिला की इंजिन रबरवर डोलतं. डिस्ट्रिब्युटर, सेन्सर, ऑइल फिल्टर हाताने काढता येतोय का, हे आत्ता बघितलं नाही तर पुढे प्रत्येक सर्व्हिसला रडावं लागतं. रेडिएटर आणि पंख्याला पुढे किती जागा राहते.

बॉनेटची उंची मोजायची काकांची पद्धत मला फार आवडली. घरून कणकेचा गोळा आणायला सांगितला. त्याचे लिंबाएवढे सात-आठ गोळे इंजिनाच्या सगळ्यात उंच जागांवर ठेवले, एअर इनटेक, ऑइलचं झाकण, थर्मोस्टॅटची मान, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून बॉनेट हळूच बंद केलं आणि पुन्हा उघडलं. जो गोळा जितका जाड उरला तितकी तिथे जागा. थर्मोस्टॅटच्या मानेवरचा गोळा चपातीसारखा झाला होता, ९ मिलिमीटर उरले होते. इंजिन १२ मिलिमीटर खाली आणि थोडं मागे घेतलं, पुन्हा कणीक, मग २० च्या आसपास आलं. सबंध दुपार गेली त्यात पण बॉनेटला हात लावावा लागला नाही.

जागा पक्की झाली की माउंटिंग. मूळ इंजिन जिथे बोल्टवर बसत होतं तीच भोकं वापरून ५ मिलिमीटर प्लेटचा एक पाळणा बनवा, त्यावर जिप्सीचेच रबर. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग टॅक, मग गाडीतून काढून टेबलावर पूर्ण वेल्ड. गियरबॉक्सखालीही असाच आडवा पट्टा. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ छापलेले, साध्या हार्डवेअरच्या दुकानातले नकोत.

एका ठिकाणी मात्र पत्र्याला भोक पाडावंच लागलं. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगवर, जिप्सीचा खाली, म्हणजे बोगद्यात लिव्हरचं भोक. आधी पुढचा सलग सीट बसवून लिव्हर सगळ्या गियरमध्ये फिरवून बघितला, दुसऱ्या-चौथ्याला सीटच्या कडेला लागत होता म्हणून लिव्हर वाकवून घेतला. मग तेवढंच गोल कापलं, त्यावर बोल्टने बसणारं झाकण केलं आणि कापलेला तुकडा तेल लावून पिशवीत ठेवला. क्लच जिप्सीचा केबलवर चालतो, त्यासाठी पेडलला छोटा ब्रॅकेट.

प्रोपेलर शाफ्ट

इथे बहुतेक घरगुती स्वॅप फसतात. पन्नासच्या वर गेलं की गाडी गुरगुरते, लोक चाकं बॅलन्स करत बसतात आणि दोष असतो कोनात. गियरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि एक्सलचा पुढचा शाफ्ट, बाजूने बघितलं तर एकमेकांना समांतर पाहिजेत. मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप गियरबॉक्सच्या फ्लँजवर आणि एक्सलच्या फ्लँजवर लावा, फरक एक डिग्रीच्या आत आणा, आणि प्रत्येक क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) १ ते ३ डिग्रीत काम करेल असं बघा. पाचर लावून एक्सल फिरवता येतो, किंवा गियरबॉक्सचा पट्टा वर-खाली. लांबी मोजताना गाडी पूर्ण वजनावर, आणि सरकणारा तुकडा अर्ध्यावर, म्हणजे खड्ड्यात एक्सल वर आला तरी शाफ्ट गियरबॉक्सवर ठोकणार नाही. दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच दिशेत आलेत हे वेल्डिंगच्या आधी स्वतः डोळ्याने बघा. नंतर डायनॅमिक बॅलन्सिंग, यात काटकसर नको.

एक्सलचा रेशोही, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरते, मोजून ठेवा. मागचं एक चाक जमिनीवर, एक उचललेलं असेल तर उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे सरळ चालताना चाकांचा एक फेरा, तेवढ्यात शाफ्ट किती फिरते ते खडूची खूण करून मोजा. समजा ४.३ आला आणि टायरचा घेर १.८६ मीटर आहे, तर चौथ्या गियरमध्ये, जिथे गियरबॉक्स सरळ जोड देतो, ३००० आरपीएमला वेग साधारण ७८ किलोमीटर. पाचवा त्याच्यावर. म्हणजे ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला आरामात, जुना एक्सल तसाच ठेवून चालतं.

ब्रेक आणि थंडावा

इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी ब्रेक पूर्ण झालेले हवेत. टँडम (दुहेरी) मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क, पेडल हलकं करणारा बूस्टर, सगळ्या लाइन आणि होज नवे. नवीन इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो. हा बदलही त्याच अर्जात लिहा. स्टिअरिंग बॉक्सचं प्ले, पुढचे बुश, शॉकॲब्सॉर्बर हे सगळं त्याच वेळी.

रेडिएटर रीकोअर करून घ्या, पूर्ण मापाचं श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) आणि इलेक्ट्रिक पंखा लावा. श्राउड नसेल तर पंखा स्वतःच्याच भोवतीची हवा फिरवत बसतो आणि मे महिन्यात सायनच्या सिग्नलला काटा वर. रेडिएटरचं तोंड इंजिनाच्या हेडपेक्षा खाली येत असेल तर एक्स्पान्शन टँक सगळ्यात उंच जागी बसवा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकून राहते. हीटर नको म्हणून त्याची पाइप बुच मारून बंद करू नका, दोन्ही तोंडं एकमेकांना जोडा.

पेट्रोल आणि वायर

कार्बोरेटरला पाव बारएवढं प्रेशर पुरतं, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतं. म्हणून जुना पंप, जुनी रबरी नळी, जुनी घट्ट करायची क्लिप, यातलं काहीही चालणार नाही. शिवाय आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, जुनं रबर त्याने फुगतं आणि तडकतं. नळीवर '३० आर ९' छापलेलं बघूनच घ्या. जुनी टाकी आतून साफ करून घ्या, एक लिटरची छोटी सर्ज टाकी लावा म्हणजे वळणावर पंप हवा ओढणार नाही, आणि पंपाच्या रिलेला ईसीएमकडूनच कमांड द्या, सरळ इग्निशनवर नको. इंजिन बंद पडलं की पंप बंद पडलाच पाहिजे, अपघातात जीव यावरच असतो.

वायरिंगमध्ये बॉडीचा हार्नेस वेगळा, इंजिनाचा वेगळा ठेवा. दोन्हींना जोडणाऱ्या वायरी मोजक्याच आहेत, कायमचा बॅटरी सप्लाय, इग्निशन, स्टार्टर, पंप रिले, पंखा, चेक इंजिनचा दिवा, स्पीडचा सिग्नल. कुठलीही वायर कापण्याआधी दोन्ही टोकांना टेपवर नाव. कनेक्टर आणि रिले लॅमिंग्टन रोडला. अर्थिंगची जाड पट्टी इंजिन ते बॉडी, आणि बॅटरी ते इंजिन, दोन वेगळ्या, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर. ज्या तक्रारी सेन्सर खराब म्हणून येतात त्यातल्या पुष्कळशा अर्थिंगच्या निघतात. ईसीएम ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, जितका उंच जाईल तितका. आपल्याकडे हिंदमाताला, मिलन सबवेला पाणी कुठवर चढतं ते डोक्यात ठेवून जागा ठरवा. आणि गाडीत कुठेही वेल्डिंग असेल तेव्हा बॅटरी सुटी आणि ईसीएम गाडीच्या बाहेर.

आता रंग

इंजिन एकदा या कच्च्या अवस्थेतच सुरू करा, गळती, पंखा, चार्जिंग सगळं बघा, सगळी भोकं, सगळे ब्रॅकेट झालेत याची खात्री करा. मग पुन्हा सगळं बाहेर. हो, पुन्हा. इथे माणसाचा धीर सुटतो, चालू झालेली गाडी परत खोलायची म्हणजे जिवावर येतं, पण हाच टप्पा वगळला की इंजिनाच्या खोलीत कच्चा पत्रा राहतो आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज फुटतो.

रंग ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात ओल्या हवेत मारलेला रंग दुधाळ होतो किंवा नंतर फोड धरतो. साफ पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्या वर आणि पातळ, सांध्यांत सीलर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रंग झाल्यावर दरवाजे, बॉक्स, खांब यांच्या पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने मारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी आहेत हे तारेने बघा.

शेवटच्या जोडणीत घाई नको. प्रत्येक बोल्ट टॉर्कने घट्ट केला की पेंट मार्करने रेघ. पहिल्या सुरुवातीला फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, एक माणूस बॅटरीपाशी. पहिल्या ५० किलोमीटरनंतर, मग ५०० नंतर, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, ब्रेक लाइन, रेडिएटरच्या क्लिपा सगळं पुन्हा तपासा. रेघ सरकलेली दिसली की तो बोल्ट काढून कारण शोधा, नुसता आवळून सोडू नका. माझे ५० कंपाउंडमध्येच झालेत, पहिल्या गियरमध्ये चकरा मारून, बाबा शेजारी बसून.

मूळ इंजिन जपायचं कसं तेही सांगून ठेवतो. जुनं ऑइल काढून नवीन भरा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल, प्लग परत लावा, कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं प्लॅस्टिक आणि टेपने बंद, पाण्याच्या वाटा कोरड्या. जमिनीवर नाही, लाकडी फळीवर. इंजिन नंबरचा फोटो आणि आरसीची झेरॉक्स त्याच पेटीत. आमचं गॅरेजच्या माळ्यावर आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन पान्याने क्रँक पाव फेरा फिरवून येतो, म्हणजे रिंगा एकाच जागी चिकटत नाहीत. मागच्या रविवारी बाबांनी फिरवला.